कारवानी कुत्रं पाळायचं असेल तर

दारात नवं माणूस आलं की साळूकडे बघून पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वहिनी, हिला खायला घालत नाही का?"

साळू आमची कारवानी कुत्री. वय साडेसहा वर्षं, वजन २३ किलो, रंग फिका तांबूस. मागच्या बरगड्या मोजता येतात, पोट पाठीला लागलेलं, कमरेची हाडं वर आलेली. तिला दोन वेळा पोटभर मिळतं, आणि ती अशीच असायला हवी. पण मला लोकांचा राग नाही येत, कारण १९९४ साली लग्न होऊन मी जत तालुक्यातल्या या वस्तीवर आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मामंजींचा हिरा अंगणात आडवा पडलेला असायचा. मला त्याची दया आली. मी रोज संध्याकाळी गुपचूप दूध-भाकरी जास्तीची घालायला लागले. दोन महिन्यांत तो छान भरला. एक दिवस मामंजींनी त्याच्या कुशीवरून हात फिरवला आणि मला हाक मारली. म्हणाले, "सूनबाई, याच्या मागच्या तीन फासळ्या दिसायला पाहिजेत. दिसेनाशा झाल्या की समजायचं, ओझं पायांवर चाललंय." रागावले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून हिऱ्याचं खाणं माझ्याकडे दिलं, तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे.

आता पिल्लं मागायला लोक येतात, फोन करतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते. त्यातलं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे: हे जनावर धावण्यासाठी घडलेलं आहे. त्याचं खाणं, झोप, औषध, स्वभाव, खोड्या, सगळं तिथून सुरू होतं.

कुठून आलं हे कुत्रं

या कुत्र्याचं आता चालणारं 'मुधोळ हाउंड' हे नाव आमच्याकडे कोणी घेत नव्हतं. कारवानी, नाहीतर नुसतं कारवान. घोड्यांचे व्यापारी, तांडे पश्चिमेकडून आणि वायव्येकडून दख्खनेत उतरायचे, त्या कारवानांबरोबर ही कुत्री आली असं मानलं जातं. अरबांचं सालुकी आणि अफगाणिस्तानाकडचं ताझी शेजारी उभं केलं तर नातं डोळ्यांना दिसतं: तीच लांब मान, तीच खोल छाती, तेच खाली पडलेले कान. ज्याच्या कानांवर, शेपटीवर आणि पायांमागे रेशमासारखे लांब केस असतात त्याला पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे फारसीत लोकर. मराठवाड्यात पश्मी जास्त दिसतं, आमच्याकडे आखूड केसांचं.

कर्नाटकातलं मुधोळ आमच्यापासून लांब नाही. अथणी, जमखंडी करत घटप्रभेच्या काठी पोचता येतं. तिथे घोरपड्यांचं संस्थान होतं. राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातल्या शिकारी लोकांकडची ही कुत्री पाहिली, जोपासली, आणि विलायतेला गेले तेव्हा पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली, अशी हकीकत सांगतात. मुधोळचं नाव या कुत्र्याला चिकटलं ते तिथून. मला या हकीकतीत राजापेक्षा ते शिकारी लोक मोठे वाटतात. बेरड, पारधी, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, यांनी कुठलीही वंशावळ न लिहिता शेकडो वर्षं ही जात शुद्ध ठेवली. ज्या कुत्र्याने ससा धरला त्याचीच पिल्लं ठेवायची, एवढाच त्यांचा नियम. १८५७ मध्ये हत्यारं खाली ठेवायला नकार देणारे हलगलीचे बेरड याच मुधोळच्या मुलखातले.

१९४८ साली संस्थान विलीन झालं आणि दरबारचा आधार गेला. कुत्री गावोगाव शेतकऱ्यांकडे राहिली. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं. मामंजींनी पोस्टातून चार तिकिटं आणली आणि एकही पत्राला लावलं नाही, अजून देव्हाऱ्याखालच्या डब्यात आहेत. पुढे मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र उभं राहिलं, मेरठच्या लष्करी केंद्रात सहा पिल्लं शिकवायला गेली. २०२४ मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाची रिया ही मुधोळ कुत्री माग काढण्यात पहिली आली आणि सगळ्या मेळाव्यातली सर्वोत्तम ठरली. परदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून. ती बातमी मी साळूला मोठ्याने वाचून दाखवली.

कागदपत्रांत एक घोळ आहे तो आधीच सांगते. केनेल क्लब ऑफ इंडिया हिला 'कॅरॅव्हान हाउंड' नावाने नोंदवतं, इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून. कुत्रं एकच. दोन वेगळ्या जाती आहेत असं सांगून कोणी दोन वेगळे भाव लावत असेल तर तिथून उठा.

पिल्लू निवडताना

ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचं नाव घेतलं आणि आमच्या भागात गाड्या यायला लागल्या. मागणी वाढली तशी भेसळही वाढली. शर्यतीत वेग यावा म्हणून ग्रेहाउंडचा संकर आधीपासून चालत आलेला आहे, आता तो कारवानी म्हणून विकला जातो. संकर वाईट कुत्रं असतं असं नाही, पण सांगून द्यावं.

ओळखायचं कसं? कान बघा. कारवानीचे कान डोक्याला चिकटून खाली लोंबतात. ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले असतात, गुलाबाच्या पाकळीसारखे. ग्रेहाउंडची कंबर कमानदार, मांड्या गुबगुबीत. कारवानीची पाठ लांब, जवळजवळ सपाट, कमरेची हाडं दोन बाजूंना वर आलेली, आणि त्या दोन हाडांत चार बोटं तरी मावावीत असं जुनी माणसं सांगत. पूर्ण वाढलेला नर साधारण २७ ते २९ इंच उंच भरतो, मादी त्याहून दोनेक इंच कमी. रंगावर मात्र जाऊ नका. तांबूस, करडा, काळा, पट्ट्यांचा, पांढऱ्या छातीचा, सगळे रंग खरे.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घेऊ नका. २०१७ च्या नियमांप्रमाणे त्याआधी विकायलाच बंदी आहे, आणि नियम नसता तरी माझं उत्तर हेच असतं. शेवटचे तीन आठवडे ते आईकडून आणि भावंडांकडून शिकतं की दात किती जोरात लावायचे. आमच्याकडच्या यल्लम्माच्या यात्रेत खिल्लार बैलांच्या बाजारापलीकडे टोपलीत पाच आठवड्यांची पिल्लं घेऊन बसलेली माणसं मी दर मार्गशीर्षात बघते. डोळे मोठे, पोट नगाऱ्यासारखं. ते पोट खाऊन भरलेलं नसतं, जंतांनी फुगलेलं असतं.

आई बघितल्याशिवाय घेऊ नका. बाप कोण ते विचारा. एकाच वस्तीवरच्या चार घरांतली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत लागत राहिली की जात क्षीण होते, म्हणून मी गंगीला, म्हणजे साळूच्या आईला, सांगोल्याकडच्या नराकडे नेलं होतं. एसटीत घेतलं नाही, मालवाहू टेम्पोत पुढे बसवून नेलं.

स्वभाव

हे लेब्राडॉर नाही. आल्यागेल्याच्या अंगावर शेपूट हलवत जाणार नाही. पाहुणा आला की साळू उठते, चार पावलं मागे जाते आणि उभी राहून बघते. कोणी "ये ये" करत डोक्यावर हात न्यायला लागलं की मान काढून घेते. लोक म्हणतात भित्री आहे, गर्विष्ठ आहे. तसं नाही. तिला वेळ हवा असतो. पाहुण्याने ओट्यावर बसून गप चहा प्यावा, तिच्याकडे बघूही नये. दहा मिनिटांनी ती मागून येऊन हात हुंगते. ते तिचं नमस्कार करणं.

घरच्या माणसांवर जीव टाकते, त्यातही एकावर जास्त. मारलेलं विसरत नाही. गंगी सहा महिन्यांची असताना तिने शेजारच्यांची कोंबडी धरली आणि मी रागाने तिला चपलेने एक फटका दिला. आठ दिवस ती माझ्या हातून जेवली नाही. माझ्या मुलाच्या हातून जेवायची आणि माझ्याकडे पाठ करून बसायची. त्यानंतर आजतागायत मी एकाही कुत्र्यावर हात उगारलेला नाही. मारून कारवानी शिकत नाही. ते फक्त तुमच्यापासून लांब जातं.

आणि कोंबडीची चूक तिची नव्हतीच. ही नजरेने शिकार करणारी जात आहे. वास घेत माग काढायला शिकवता येतं, पण रक्तात आहे ती नजर. पळणारी वस्तू दिसली की मेंदूतलं बाकी सगळं बंद होतं. मांजर, कोंबडी, शेळीचं करडू, वाऱ्याने उडणारी प्लॅस्टिकची पिशवी. घरच्या मांजराबरोबर ती लहानपणापासून वाढली तर त्याला सोडते, पण तेच मांजर अंगणातून सुसाट पळालं तर खात्री देता येत नाही. लहान पिल्लाला घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच कोंबड्यांच्या खुराड्याजवळ दोरीने धरून बसवा, गप बसलं की तोंडात घास द्या. असं रोज, पंधरा-वीस मिनिटं. माडग्याळी मेंढरांत आमची कुत्री शांतपणे फिरतात ती अशीच शिकलेली.

आठ ते सोळा आठवडे हा काळ सोन्याचा आहे. त्यात पिल्लाला बाजार दाखवा, एसटी स्टँड दाखवा, ट्रॅक्टरचा आवाज ऐकवा, शाळेतल्या पोरांना हात लावू द्या. लसी पुऱ्या होईपर्यंत खाली सोडू नका, कडेवर किंवा टोपलीत घेऊन फिरवा. गंगीच्या वेळी मी हे केलं नाही. ती वस्तीबाहेर गेलीच नाही, आणि मग जन्मभर दवाखान्याच्या पायरीवर थरथर कापायची.

राखण करते का, असं सगळे विचारतात. जागते, भुंकून सांगते, अंधारात माणूस आला तर आडवी होते. पण साखळीला बांधून रात्रभर भुंकणारं कुत्रं हवं असेल तर दुसरी जात बघा. साखळी या कुत्र्याला मारते. लांब साखळीला बांधलेलं कारवानी ससा बघून सुटतं, साखळी संपते तेव्हा मानेला बसणारा हिसका मणका दुखावणारा असतो.

धावणं

या कुत्र्याच्या धावेत एका झेपेला चारही पाय दोनदा जमीन सोडतात: एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा धनुष्यासारखं गोळा झालेलं असताना. चित्ता असाच धावतो. मऊ रानात सोडलेली साळू बघताना मला अजून गळ्यात आवंढा येतो.

म्हणून रोज मोकळं धावणं हवं. तासभर नको. १५-२० मिनिटं पुरतात, बाकीचं चालणं. धावून झालं की ती घरात येऊन सोळा-सोळा तास झोपते, म्हणून शहरात ही जात जमणारच नाही असं मी म्हणत नाही. माझा भाचा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गंगीचा एक मुलगा ठेवून आहे. पहाटे साडेपाचला भिंतीआतल्या मैदानावर नेतो, रोज, पावसातही. त्याला जमतं. ज्याला रोज जमणार नाही त्याने घेऊ नये, मग बंगला कितीही मोठा असो.

वर्षाचं होईपर्यंत पिल्लाला डांबरी रस्त्यावर पळवू नका, मोटारसायकलच्या मागे तर कधीच नाही. हाडांची टोकं तोवर कच्ची असतात. आपल्या मनाने खेळेल तेवढं खेळू द्या.

सोडण्याआधी रान बघून घ्या. हे मी सगळ्यात जास्त जोर देऊन सांगते, कारण माळावर कुत्री आजारांपेक्षा यानेच जातात. धावताना तिला फक्त पुढचं जनावर दिसतं. तूर काढलेल्या रानातले सड तळव्यात भोसकतात. काटेरी तार कातडी उभी फाडते. बिनकठड्याच्या विहिरी आहेत. आणि गेल्या पंधरा वर्षांत आमच्या दुष्काळी पट्ट्यात झालेली शेततळी. त्यांना प्लॅस्टिकचा कागद असतो. आत पडलेलं कुत्रं पोहतं, पण त्या कागदावर नख धरत नाही, आणि दमून बुडतं. आमचा मोती असा गेला, २०१६ च्या उन्हाळ्यात, घरापासून हाकेच्या अंतरावर. कुंपण होतं, पण खालून उकरलेलं. त्यानंतर आम्ही आमच्या आणि शेजारच्या दोन तळ्यांत चारी बाजूंनी जाड दोराला जुने टायर बांधून सोडले. कुत्रं टायरवर पाय टेकून वर येतं. दोनदा माणसाचं लेकरूही त्याला धरून वर आलं आहे. तुमच्या आसपास शेततळं असेल तर पिल्लू आणायच्या आधी हे काम करा.

हाक मारली की परत येणं शिकवायचं तेही खाण्यातून. आमच्याकडे जर्मलची ताटली आहे. पिल्लू आल्याच्या दिवसापासून जेवण देताना ती तीनदा वाजवते, आणि वाजवली की काहीतरी मिळतंच. फसवायला कधी वाजवत नाही. सहा वर्षांत साळूने ती ताटली फक्त दोनदा ऐकली नाही, दोन्ही वेळा समोर ससा होता. म्हणजे ससा सुटला की कुठलंही शिक्षण पुरत नाही, हे धरूनच रान निवडायचं. पट्टा रुंद आणि चामड्याचा घ्या, किमान दोन इंच. या जातीचं डोकं इतकं निमुळतं असतं की साध्या पट्ट्यातून कान मागे करून ती सहज निसटते.

शिकारीबद्दल स्पष्ट सांगते. मामंजींच्या तरुणपणी ससा धरणं हे या कुत्र्याचं काम होतं, त्यांनी ते केलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आणि मामंजींनीही बंद केलं. आजही काही ठिकाणी जिवंत ससा सोडून कुत्री पळवतात. तो गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. माझ्या मुलाने जुनी सायकल उलटी केली, मागच्या चाकाचा टायर-ट्यूब काढून मोकळ्या रिमवर दीडशे मीटर नायलॉनची दोरी बांधली, टोकाला पोत्याचा पांढरा तुकडा. दोरी रानातून सरळ पसरायची आणि पायडल हाताने फिरवून ती गुंडाळायची. पोत्याचा तुकडा उड्या मारत येतो, कुत्रं जीव तोडून त्यामागे. शेवटी तुकडा तिच्या तोंडात लागू द्या, नाहीतर दोन दिवसांत मन उडतं. तीन फेऱ्या, मध्ये पाच मिनिटं चालवायचं, मग बस. सरळ रेषेतच. एकदम वळण दिलं की पंजाची बोटं आणि मांडीचे स्नायू दुखावतात. आधी दहा मिनिटं चालवून अंग गरम करायचं, आणि उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत सगळं आटपायचं.

खाणं

साळूचं रोजचं ताट असं: ज्वारीच्या दोन भाकरी चुरून, पाव किलो उकडलेलं कोंबडीचं मांस बिनहाडाचं, त्याचं पाणी, दोन अंडी, वाटीभर ताक किंवा दही, उकडलेला भोपळा नाहीतर गाजर मूठभर. अर्धं सकाळी धावून झाल्यावर तासाभराने, अर्धं संध्याकाळी. अंड्याची टरफलं भाजून, वाटून त्याची पूड अर्धा चमचा. हे २३ किलोच्या, रोज धावणाऱ्या कुत्रीचं माप आहे. तुमच्या कुत्र्याला आकडा बघून घालू नका, बरगड्या बघून घाला. मागच्या तीन दिसल्या पाहिजेत. पुढच्याही सगळ्या ठसठशीत दिसायला लागल्या आणि कमरेच्या मणक्यांत खळगे पडले तर कमी पडतंय, नाहीतर पोटात जंत आहेत.

जुने लोक मक्याच्या भाकरीवर आणि दुधावर कुत्री वाढवत. तेव्हा ती रानात काहीतरी धरूनही खात. आज नुसत्या भाकरीवर ठेवलं तर मांड्या उतरतात. मांस परवडत नसेल तर अंडी वाढवा. पिल्लाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅल्शियमची बाटली पाजू नका, जास्तीच्या कॅल्शियमने हाडं वाकडी होतात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट नाही. शिजवलेलं हाड नाही, त्याच्या सुया होतात.

खोल छातीच्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो. भरल्या पोटी पळणं टाळायचं ते त्यासाठी. जेवल्यावर दोन तास पूर्ण विश्रांती. पोट ढोलकीसारखं ताठ, कुत्रं ओकारी काढतंय पण काही पडत नाही, सैरभैर फिरतंय, असं दिसलं तर ओवा-हिंग करत बसू नका. गाडी काढा, शस्त्रक्रिया होईल अशा दवाखान्यात न्या. तासाभराचा उशीरही जीव घेतो.

दवाखाना आणि औषधं

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर आणि मग दरवर्षी. पार्व्होने, म्हणजे विषाणूच्या रक्ती हगवणीने, आमच्याकडे एका वेताची पाचपैकी चार पिल्लं गेली आहेत, गंगी उरलेलं पाचवं. जंतांचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, पुढे तीन महिन्यांतून एकदा.

आता जे डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगायचं आहे ते. या कुत्र्याच्या अंगात चरबी जवळजवळ नसते. जी भुलीची औषधं चरबीत मुरून उतरतात ती या जातीत रक्तातच जास्त वेळ फिरत राहतात. गंगीचं गर्भाशय काढलं तेव्हा वजनाच्या हिशेबाने नेहमीची भूल दिली गेली. सकाळी अकराला दिलेली भूल दुसऱ्या दिवशी दुपारी उतरली. मी रात्रभर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवत बसले, कारण अंगही तापत नव्हतं. साळूच्या वेळी मी आधीच सांगितलं: ही सालुकी-ग्रेहाउंडच्या कुळातली आहे, थायोपेंटोन नको. डॉक्टरांनी लगेच दुसरं औषध निवडलं, ती तीन तासांत पायांवर उभी होती. रक्ततपासणीतही असंच. या कुळात तांबड्या पेशी इतर कुत्र्यांहून जास्त आणि प्लेटलेट कमी असू शकतात. आपल्या कुत्र्याची निरोगी असतानाची एक तपासणी करून कागद जपून ठेवा, आजारपणात तुलनेला तोच लागतो.

गोचीड हा माळावरचा मोठा शत्रू. गुरांना लावायचं डेल्टामेथ्रिन कुत्र्याला तसंच चोपडण्याची खेड्यात पद्धत आहे. कृपा करून करू नका. पातळ कातडी, बिनचरबीचं अंग, त्यात कुत्रं ते चाटतं. लाळ गळून, झटके येऊन पिल्लू मरतं. कुत्र्यांची गोळी किंवा मानेवर सोडायचे थेंब डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घ्या. मी रोज संध्याकाळी कानात, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली बोटं फिरवते. ताप, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, कॉफीच्या रंगाची लघवी, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीडताप वेळेत कळला तर औषधाने बरा होतो.

पावसाळ्यानंतर कुसळं. गवताचं कुसळ बोटांच्या मधून आत शिरतं आणि पुढेच सरकत जातं. कुत्रं एकच पाय सारखा चाटत असेल तर बॅटरी लावून बघा. कातडी फाटली तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडकं बांधा आणि त्याच दिवशी टाके घाला. हळद, राख, तंबाखू भरू नका.

अंघोळ महिन्यातून एकदा पुरते. खरारा नको, ओलं फडकं फिरवलं की केस चमकतात. पश्मीचे कान-शेपटी मात्र आठवड्यातून दोनदा विंचरा. नखं तीन आठवड्यांनी कापा. लांब नख धावताना मुळातून उखडतं.

झोपायला मऊ हवंच. शहाबादी फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, पुढे त्यात पाणी साचतं. आम्ही पोत्यात कडबा भरतो, वर जुनी वाकळ. डिसेंबर-जानेवारीत आमच्या माळावर पहाटे चांगलाच गारठा पडतो, तेव्हा तिला घोंगडीचा अंगरखा शिवला आहे. पोटाखाली दोन बंद, पाठीवर दुहेरी.

म्हातारपणी

कारवानी बारा वर्षं सहज काढतं, नीट सांभाळलं तर त्याहून जास्त. दहाव्या वर्षानंतर धाव कमी होते पण मन कमी होत नाही, म्हणून आपणच आवरायचं. दोरीचा खेळ बंद, दोन वेळा चालणं चालू. भाकरी पातळ कालवायची, दात बघायचे, वर्षातून दोनदा मूत्रपिंडाची तपासणी. हिरा तेराव्या वर्षी गेला. शेवटच्या वर्षात त्याला नीट दिसत नव्हतं, तरी मामंजी रोज सकाळी त्याला बांधावर नेऊन वाऱ्याकडे तोंड करून उभा करायचे, आणि त्याचे कान हलायचे थांबेपर्यंत तिथेच उभे राहायचे. साळूला अजून वेळ आहे. तिच्यासाठी मी ओट्याच्या तीन पायऱ्यांवर आत्ताच मुरुमाचा उतार करून घेतला आहे.